व्हॉरम पर्सी : मॅनर आणि मत्स्यतळे

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशर परगण्यातील एक ओसाड मध्ययुगीन गाव. यॉर्कशर वोल्ड्स या खडूच्या टेकड्यांच्या पश्चिम कडेला ते वसलेले होते. आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० या काळात येथे दर उन्हाळ्यात उत्खनन केले.

मॅनर म्हणजे केवळ सरदाराचा वाडा नव्हे; त्याची जमीन, कुळांकडून घ्यायची वेठ आणि गावच्या न्यायनिवाड्याचा हक्क या साऱ्यांना मिळून ही संज्ञा आहे. येथे दोन वाडे होते. दक्षिणेकडचा वाडा बाराव्या शतकातला. तेराव्या शतकात सगळे गाव पर्सी घराण्याकडे गेल्यावर तो मोडला आणि त्या जागेवर शेतकऱ्यांची घरे उठली. त्यातल्या एका घराच्या जोत्याखालीच वाड्याचे दगडी तळघर सापडले. उत्तरेकडचा पर्सींचा वाडा आज केवळ गवताखालच्या उंचवट्यांच्या रूपाने दिसतो आणि तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की त्याची आखणी डोळ्यांत भरते.

दरीच्या तळाशी, सेंट मार्टिनच्या छप्पर नसलेल्या चर्चजवळ, झऱ्यांच्या पाण्यावरचे तळे आहे. मुळात ते पाणचक्कीसाठी बांधले होते; पुढे त्यात मासे पाळले जाऊ लागले. इंग्लंडमधील अशा तळ्यांची रचना साधारण सारखीच असे : ओढ्यावर मातीचा बांध, पाणी सोडण्यासाठी लाकडी दार, आणि पुराच्या लोंढ्याबरोबर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जादा पाणी बाजूने काढून देणारा पाट. काही वर्षांनी तळे रिकामे करून मासे वेचत व गाळ उपसत. ब्रीम आणि पाइक हे मासे मोलाचे होते. कार्प पंधराव्या शतकात आला. शुक्रवारी आणि ईस्टरपूर्व उपवासात मांस वर्ज्य असल्याने माशांना मोठी मागणी असे, पण सामान्य कुळाच्या ताटात खारवलेला हेरिंग हा समुद्रातला मासाच पडे. गोड्या पाण्यातला ताजा मासा ही सरदाराची मिजास होती, म्हणून वाड्याइतकेच तळेही त्याच्या सत्तेची खूण मानले पाहिजे.

१५०० च्या सुमारास शेतीऐवजी मेंढपाळी फायद्याची ठरली आणि उरलेल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. उत्खननानंतर तळ्याचा बांध पुन्हा उभा केला असून त्यामागे आज पाणी साठलेले दिसते.