पिना जुळल्या, दिवे चुकले

ट्रेलरच्या मागे उकिडवा बसून मी दिवे तपासत होतो. पुढे गाडीत मित्र बसलेला. मी ओरडलो, “डावा दे!” डावा दिवा लुकलुकला. “उजवा!” तोही व्यवस्थित. “ब्रेक!” दोन्ही लाल दिवे भक्कन पेटले. झालं काम, म्हणून मित्र खाली उतरायला निघाला. म्हटलं, थांब, ब्रेक दाबूनच ठेव आणि आता डावा दे. दोन्ही दिवे तसेच जळत राहिले. डाव्याने लुकलुकायचं नावच घेतलं नाही. आतमध्ये डॅशबोर्डवरचा बाण मात्र टिकटिक करत होता.

वळायच्या आधी आपण काय करतो? वेग कमी करतो, म्हणजे ब्रेक दाबतो. वळणाची खूण मागच्या माणसाला सगळ्यात जास्त हवी असते ती त्याच क्षणी, आणि त्याच क्षणी ती गायब होत होती. गाडीच्या वायरींना ट्रेलरचे दिवे जोडणारा आमचा ॲडॅप्टर नवाकोरा होता, खोक्यावर ‘सर्व गाड्यांना चालतो’ असं ठळक छापलेलं. अशा छापील शब्दांवर माझा मुळीच विश्वास नाही. सर्व गाड्यांना चालेल असा ॲडॅप्टर असूच शकत नाही, कारण सगळ्या गाड्या मागच्या दिव्यांना एकाच भाषेत निरोप देत नाहीत.

ॲडॅप्टर निवडायचा म्हणजे प्लगचा आकार आणि पिनांची संख्या जुळवायची, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. उत्तर अमेरिकेतला चार पिनांचा चपटा प्लग घ्या. त्यात पांढरी वायर अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी, तपकिरी टेल लॅम्पची, पिवळी डावीकडची आणि हिरवी उजवीकडची. ब्रेकची वायर कुठे गेली? ती वेगळी नसतेच. पिवळ्या आणि हिरव्या वायरमधूनच इंडिकेटर आणि ब्रेक असे दोन्ही निरोप जातात, आणि एकच लाल दिवा दोन्ही कामं करतो. युरोपातला सात पिनांचा गोल प्लग (आयएसओ १७२४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा) वेगळ्या पद्धतीचा. त्यात पिवळी आणि हिरवी फक्त इंडिकेटरसाठी, ब्रेकला स्वतंत्र लाल वायर. शिवाय उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांनाही मागे वेगळा नारिंगी इंडिकेटर असतो. म्हणजे गाडीकडून तीन निरोप येतात (डावा, उजवा, ब्रेक) आणि ट्रेलरकडे ते घ्यायला दोनच वायरी. तीनाचे दोन करायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. तो प्लगच्या आकाराचा नाही, तर्कशास्त्राचा आहे, आणि म्हणूनच मला तो फार आवडतो.

सगळ्यात भाबडा उपाय म्हणजे ब्रेकची वायर डाव्या आणि उजव्या दोन्ही वायरींना थेट जोडून टाकायची. पण त्यामुळे डावा आणि उजवा ब्रेकच्या वायरीतून एकमेकांना जोडले जातात. डावा इंडिकेटर दिला की वीज ब्रेकच्या वायरीतून फिरून उजवीकडेही पोचते आणि मागचं सगळंच लुकलुकायला लागतं. मग पुढचा उपाय सुचतो: डायोड लावायचे. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. निरोप पुढे जातो, उलटा फिरत नाही. आमच्या ॲडॅप्टरमध्ये नेमकं हेच केलं होतं. त्याचा नियम असा होतो: ब्रेक ‘किंवा’ इंडिकेटर, दोहोंपैकी काहीही चालू असलं तर दिवा चालू. आता ब्रेक दाबलेलाच आहे. इंडिकेटर चालू-बंद होतोय, पण ‘किंवा’ला त्याचं सोयरसुतक नाही. ब्रेक आहे ना, मग दिवा जळणारच. लुकलुकणं गिळलं गेलं.

हवा आहे तो वेगळ्या जातीचा ‘किंवा’: दोहोंपैकी नेमका एकच चालू असेल तर दिवा चालू, दोन्ही चालू असतील तर बंद. इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला एक्स-ऑर म्हणतात. नाव नवं वाटलं तरी ही गोष्ट तुम्ही हाताळलेली आहे. जिन्यातला दिवा आठवा, एक बटण खाली आणि एक वर. कुठलंही एक बटण दाबलं की दिव्याची अवस्था उलटते. खालचं दाबलं, पेटला. वर जाऊन वरचं दाबलं, विझला. ट्रेलरच्या दिव्यासाठी ब्रेक हे खालचं बटण समजा आणि इंडिकेटर हे वरचं.

आता डावीकडचा दिवा बघू. दोन्ही बंद, तर दिवा बंद. फक्त ब्रेक, तर दिवा स्थिर. फक्त इंडिकेटर, तर लुकलुक. आणि ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटर आला की इंडिकेटरच्या प्रत्येक ‘चालू’ला दिवा विझतो आणि प्रत्येक ‘बंद’ला पेटतो. म्हणजे लुकलुकतोच, फक्त उलट्या तालात! उजवीकडे इंडिकेटर नाही, म्हणून तो ब्रेकचा दिवा होऊन स्थिर जळतो. तीन निरोपांचे दोन झाले आणि एकही हरवला नाही. स्विच आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) यांच्या जोडण्या बूलच्या बीजगणिताने, म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’च्या गणिताने, मांडता येतात हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९३७ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं. तेच बीजगणित काडेपेटीएवढ्या डबीत बसून ट्रेलरच्या दिव्यांचा हिशेब करतं. अशा डबीला ॲडॅप्टर न म्हणता कन्व्हर्टर म्हणतात. घेताना हा शब्द बघून घ्यावा.

उलट, गाडीकडून दोनच वायरी आणि ट्रेलरला तीन निरोप हवेत, असं दोनाचे तीन करणं मात्र जास्त अवघड. दोन्ही वायरींत एकदम वीज आली, तर तो ब्रेक आहे की धोक्याचे चारही दिवे चालू केल्याची पहिली लुकलुक, हे त्या क्षणी डबीला कळायला मार्गच नाही. तिथे ब्रेकचा निरोप गाडीतून वेगळा काढून आणणं उत्तम.

दुसरा प्रश्न विजेच्या ताकदीचा. फिलामेंटचा ब्रेक बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर. ट्रेलरचे दोन बल्ब वाढले की साडेतीन अँपिअरची भर. त्यात थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच, म्हणून पेटताना क्षणभर कितीतरी पट जास्त प्रवाह खेचला जातो. नव्या गाड्यांतलं कंट्रोल युनिट या प्रवाहावर नजर ठेवून असतं. काही गाड्या तर ब्रेकच्याच बल्बला टेल लॅम्पसाठी तुटक तुटक वीज देऊन मंद जाळतात. साधी डबी त्या ठोक्यांनाच ब्रेक समजते आणि हेडलाइट लावले की ट्रेलरचे ब्रेक लाइट फडफडतात. अशा गाड्यांना बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. तो गाडीच्या वायरींतून फक्त निरोप ऐकतो, ताकद बॅटरीची वापरतो.

रंगाला रंग जोडायची सवय तर सोडाच. आयएसओ १७२४ मध्ये निळी वायर मागच्या फॉग लॅम्पची असते. उत्तर अमेरिकेतल्या सात पिनांच्या प्लगमध्ये निळी असते ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकची. निळ्याला निळी जोडली तर काय होईल याची कल्पना करून बघा. टेस्ट लॅम्प घ्यावा आणि एकेक पिन तपासावी.

आणि अर्थिंग. पांढऱ्या वायरीचा सांधा गंजला की डाव्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला परतीचा रस्ता उरत नाही. मग ती ट्रेलरच्या सांगाड्यातून टेल लॅम्पच्या फिलामेंटमध्ये उलटी शिरते, तपकिरी वायरीने गाडीकडे जाते आणि गाडीच्या टेल लॅम्पमधून अर्थ गाठते. इंडिकेटर दिला की टेल लॅम्प मिणमिणतात, ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी पेटतं. लोक म्हणतात वायरिंगमध्ये भूत शिरलंय, आणि बल्बमागून बल्ब बदलत बसतात. भूतबित काही नसतं. पांढरी वायर सोडवून, सांधा पॉलिश पेपरने घासून परत आवळली की सगळं ताळ्यावर येतं. ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नये. तिथे ग्रीस असतं, गंज असतो, आणि प्रत्येक धक्क्याला स्पर्श तुटतो.

आम्ही ती डायोडवाली डबी काढली आणि बॅटरीवर चालणारा कन्व्हर्टर बसवला. मी परत मागे जाऊन बसलो. “ब्रेक दाबून ठेव. डावा दे.” ट्रेलरचा उजवा दिवा लाल आणि स्थिर, डावा लुकलुकतोय. मान वर करून गाडीच्या नारिंगी इंडिकेटरकडे पाहिलं. तो पेटला की ट्रेलरचा विझत होता, तो विझला की ट्रेलरचा पेटत होता. मित्राला मी खाली बोलावलं, आणि ब्रेकवर पाय ठेवायला मी गाडीत जाऊन बसलो, त्यालाही ते बघता यावं म्हणून.