नेमलेल्या पुस्तकाच्या जागी वर्तमानपत्र : पार्श्वभूमी

कॉलेजच्या वर्गात नेमलेलं पुस्तक मिटून सकाळचा पेपर उघडायचा, ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. अमेरिकेत आजच्या मेन राज्यातल्या 'पोर्टलंड ईस्टर्न हेरल्ड'ने ८ जून १७९५ लाच वर्तमानपत्रं शाळेत वाचायला द्या, असा आग्रह धरला होता. पेपरात तऱ्हेतऱ्हेचा मजकूर असतो, त्यातलं काही ना काही मुलाला आवडणारच, असा त्यांचा युक्तिवाद. १९३० च्या दशकात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शहरातल्या शाळांना अंक पुरवले आणि १९५० च्या दशकात तिथल्या वृत्तपत्र प्रकाशकांच्या संघटनेने हा उपक्रम देशभर नेला. यात निव्वळ परोपकार नव्हता, हे सांगायला नको. आजचा विद्यार्थी म्हणजे उद्याचा वर्गणीदार.

आपल्याकडे मात्र शिकवणाऱ्यांनीच पेपर काढले. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं. पानावर दोन रकाने, एक इंग्रजी, एक मराठी, शेजारी शेजारी. इंग्रजी शिकू पाहणाऱ्याला तोच मजकूर मराठीशी ताडून पाहता येई. पाठ्यपुस्तकानं आणखी काय करायचं असतं? पुढे १८३४ मध्ये बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले, तरी 'दर्पण' १८४० पर्यंत चालू होतं. पुण्यातही तेच. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', १८८५ मध्ये फर्ग्युसन, आणि या सगळ्यामागे बरीचशी तीच माणसं. आगरकर 'केसरी'चे संपादक होते आणि फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकही.

पण कॉलेज कोणाचंही असो, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या हातात. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेलं हे विद्यापीठ सुरुवातीला मुख्यतः परीक्षा घेणारंच होतं. शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा. मग प्राध्यापक नेमलेलं पुस्तक सोडणार कसा? माझ्या मते आपल्याकडची खरी अडचण इथे आहे, पेपराच्या दर्जात नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात ती लगेच जाणवते. नियोजन आयोग जाऊन १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला, २०१७ पासून वेगळं रेल्वे बजेट बंद झालं. जुन्या आवृत्तीवर शिकणाऱ्याला यातलं काही कळत नाही. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे २ फेब्रुवारीचा पेपर वर्गात उघडला तर वित्तीय तूट, कररचना, अनुदानं सगळं ताजं ताजं समोर येतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, हे परीक्षेला आहे का?"

म्हणून बहुतेक ठिकाणी पेपर अंतर्गत गुणांपुरता, कात्रणं आणि असाइनमेंटच्या रूपाने शिरला. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्वायत्त महाविद्यालयांची शिफारस केली होती. अशा कॉलेजात पदवी विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका कॉलेजच्याच असतात. तिथे पेपरावर अख्खा विषय उभा करायचा, तर तो आधी अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो.