विहिरीचं तांबडं पाणी: गाळ की विरघळलेलं लोह?

गोव्यात जांभ्यातल्या (चिऱ्याच्या तांबड्या, सच्छिद्र दगडातल्या) विहिरीचं पाणी तांबडं दिसलं की ‘पाण्यात लोह आहे’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण ते लोह कणांच्या रूपात आहे की विरघळलेलं, यावर सगळा उपाय ठरतो.

चिऱ्याचा तांबडा रंग म्हणजे लोहाची ऑक्साइडं. प्राणवायू असलेल्या पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाहीत. पावसाळ्यात जांभ्याच्या पोकळ्यांतून जोरात येणारं पाणी त्यांचे बारीक कण वाहून आणतं, हा झाला गाळ. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यातही आधी शंका याचीच घ्यावी.

लोह विरघळायला प्राणवायू संपावा लागतो. भातशेत किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) चिखलात कुजणारा पालापाचोळा तो संपवतो आणि मग जिवाणू फेरिकचं (न विरघळणाऱ्या लोहाचं) फेरस (विरघळणारं लोह) करतात. असं पाणी उपसताना नितळ असतं, हवा लागल्यावर पिवळं आणि मग तांबडं होतं. चहा काळपट होतो तोही यामुळेच.

ओळखायला पारदर्शक बाटली थेट विहिरीवर भरा. टाकीतल्या पाण्याला आधीच हवा लागलेली असते, तर जुन्या लोखंडी नळाचं सकाळचं पहिलं पाणी पाइपाच्या गंजानेच लाल येतं. बाटली भरताक्षणी तांबडी असून तळाशी गाळ बसत गेला, तर ते कण. नितळ पाणी २४ तासांत लालसर झालं, तर विरघळलेलं लोह.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना इथेच घोळ होतो. न गाळता आम्ल घातलं तर कणही विरघळतात आणि आकडा फुगतो. आम्ल घातलंच नाही तर लोह बाटलीच्या भिंतींना चिकटतं आणि आकडा घसरतो. विरघळलेलं लोह मोजायचं तर नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मगच नायट्रिक आम्ल घालावं.

गाळाला विहिरीचा कठडा, पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) तळापासून वर घेणं आणि वाळूची गाळणी पुरते. विरघळलेल्या लोहाला आधी हवा द्यावी लागते, मग गाळणी. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी असतं, आणि सामू (pH, आम्लता दाखवणारा आकडा) ६च्या खाली असेल तर नुसत्या हवेने काम फार रेंगाळतं. थोडा चुना घालून तो ७च्या वर नेला की फरक पडतो, कारण सामू एकाने वाढला की ही क्रिया सुमारे शंभरपट वेगाने होते. ब्लीचिंग पावडर टाकताच नितळ पाणी लाल झालं, तर दोष पावडरीचा नाही, लोह बाहेर पडलं आहे. ते गाळल्याशिवाय कपडे धुवायला घेऊ नका, लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की डाग पडायला लागतात.