साक्ष देताना जीभ का अडखळते?

रविवारी उपासनेत ‘साक्ष द्या’, म्हणजे आपल्या ख्रिस्तावरच्या विश्वासाविषयी इतरांना सांगा, म्हटलं की सगळ्या माना डोलतात. सोमवारी कामाच्या ठिकाणी धर्माचा विषय निघाला की त्यातलेच पुष्कळजण चहाचा कप उचलून बाजूला होतात. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, याला विश्वासाची उणीव म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण मराठी ख्रिस्ती माणसाचा हा संकोच त्याच्या एकट्याचा नाही.

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. बाजारात, जत्रेत उभं राहून उपदेश करायचा आणि पत्रकं वाटायची, हा त्यांचा शिरस्ता. लोक ऐकत, वाद घालत, घरी जात. खरी ठिणगी पडली ती घरातलाच मुलगा बाप्तिस्मा घेऊ लागला तेव्हा. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडे शिकणाऱ्या दोन पारशी तरुणांचं प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण जातीत परत घ्यायला ब्रह्मवृंद राजी होईना. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले, हे त्या वादातलं विशेष. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क वाचवला. पंगत आणि पाणवठा मात्र कायद्याच्या आवाक्यात नव्हते. तेव्हापासून ख्रिस्ताविषयी बोलणारा माणूस घर फोडणारा ठरला.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात अस्पृश्य मानलेल्या जातींतली अनेक कुटुंबं ख्रिस्ती मंडळीत आली आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांना कायमचा चिकटला. ज्यांना गावाने विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांच्या हेतूची चौकशी मात्र गावाने हक्काने केली!

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं त्यांचं शारदासदन, विधवा मुलींची निवासी शाळा, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचं दार बंद करीत नसत. ज्या मुलीला यावंसं वाटे ती येऊन बसे. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. पण स्वतःची प्रार्थना लपवायला रमाबाई तयार नव्हत्या.

पुढे संविधानाच्या कलम २५ ने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतात. सामान्य ख्रिस्ती माणसाला हा फरक नेमका ठाऊक नसतो, म्हणून तो गप्प बसणंच बरं समजतो.

ज्यांची जीभ मोकळी झाली, त्यांनी आधी बोलण्याची रीतच बदलली. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं, ते सुमारे ११,००० मराठी ओव्यांचं. एकोणिसाव्या शतकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली. आणि कवी नारायण वामन टिळक! नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या आणि नवा करार हाती दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तुकारामाचा हात त्यांनी सोडला नाही. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांमार्फतच आलो, असं ते सांगत. मिशनचा पगार घेणाऱ्याचा शब्द लोक पगारी समजतात, हे त्यांना बोचत होतं. १९१७ मध्ये त्यांनी तो पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं राहिलं होतं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांचा संसार टिळकांच्या बाप्तिस्म्याने काही वर्षं मोडला होता आणि ज्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, आपल्या वेळेला, आपल्या मताने.