अरुंधती बघायची तर काणाडोळा करा

गेल्या मे महिन्यात भाचीचं लग्न झालं. मुहूर्त गोरज, जेवणं आटपेपर्यंत साडेनऊ. मग गुरुजी नवरानवरीला लॉनच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाले, "ती अरुंधती. दिसली म्हणा." दोघं म्हणाले, "दिसली." मी मागेच उभा होतो. समोर खांबावर फ्लडलाइट, झाडांवर एलईडीच्या माळा. सप्तर्षींपैकी सहाच हजर होते. चौकोन आणि शेपटीच्या सांध्यावरचा अत्रीसुद्धा गायब, मग अरुंधतीचं काय घेऊन बसलात!

ज्याला अरुंधती, ध्रुव किंवा आकाशगंगा दिसत नाही तो गतायुष, म्हणजे आयुष्य सरत आलेला, समजावा, असं सुश्रुतसंहितेत आहे. या हिशेबाने पुण्यातलं एकही घर सुतकाशिवाय नसेल. दुसरी गंमत व्हॉट्सॲपवरची. वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात हे ऋषींना ठाऊक होतं, म्हणून ही जोडी लग्नात दाखवतात म्हणे. ते एकमेकांभोवती फिरत असलेच, तरी एका फेरीला लाखो वर्षं लागतील. कुठल्या ऋषीने ती मोजली? दोन तारे जवळजवळ दिसतात म्हणून कुणाला तरी जोडपं सुचलं, इतकं साधं कारण मला पुरतं.

आता ती दिसत का नाही? दोघांतलं अंतर ही अडचण नाही. ते पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच आहे आणि धड डोळ्याला त्याच्या दहाव्या भागाइतकी फटही कळते. अडचण तेजाची आहे. वसिष्ठाची प्रत २.२, अरुंधतीची ४.० (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). म्हणजे वसिष्ठ तिच्या पाचपट तेजस्वी. शहरातल्या दिव्यांनी तिचा प्रकाश कमी होत नाही, तो गावात येतो तितकाच इथेही येतो. फक्त तिच्यामागचं आकाश काळं राहत नाही. दिव्यांचा वर गेलेला उजेड हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर आपटून खाली परततो. मोठ्या शहराच्या मध्यावर आकाश नैसर्गिक अंधाराच्या तीस-चाळीस पट उजळलेलं असू शकतं. पांढऱ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिल्यासारखंच ते. त्यात एलईडीच्या पांढऱ्या उजेडात निळा भाग भरपूर असतो आणि हवेचे रेणू निळा प्रकाश जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतात. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या ५१ हजारांवर नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होतं. आठ वर्षांच्या आत दुप्पट!

पण सगळा दोष आकाशाच्या माथी मारून चालणार नाही. अर्धा खेळ आपल्या डोळ्यात आहे, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचं होतं.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशींना रंग आणि बारकावे कळतात, पण उजेड हवा. दंडपेशींना रंग कळत नाहीत, मात्र त्या अंधारात काम करतात. १९४२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसून आलं की पाच ते चौदा प्रकाशकण दंडपेशींत शोषले गेले तरी माणसाला उजेडाची जाणीव होते. या करामतीमागे ऱ्होडोप्सिन नावाचं जांभळट द्रव्य आहे. त्यात ऑप्सिन या प्रथिनाच्या खोबणीत 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनलचा वाकडा रेणू बसवलेला असतो. प्रकाशकण आदळला की तो ताडकन सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि चेतातंतूंकडे निरोप जातो. सरळ झालेला रेणू मग खोबणीत टिकत नाही. तो बाहेर पडतो, शेजारच्या पेशीथरात जातो, तिथे विकरं त्याला पुन्हा वाकवतात आणि परत पाठवतात. हे काम संथ आहे. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण त्याने फार तर दहापट प्रकाश वाढतो. दंडपेशी पुरत्या सावरायला अर्धा तास लागतो. लॉनवरच्या नवरानवरीला मिळाला होता अर्धा मिनिट, तोही फ्लडलाइटकडे तोंड करून.

आणखी एक फजिती. आपण टक लावून बघतो तेव्हा ताऱ्याची प्रतिमा पडद्याच्या अगदी मध्यावर पडते आणि तिथे दंडपेशी नसतातच, नुसत्या शंकुपेशी! म्हणून मंद तारा रोखून पाहिला की विझतो आणि नजर जरा हलवली की उगवतो. यावर उपाय म्हणजे काणाडोळा. दंडपेशींची गर्दी मध्यापासून पंधरा-वीस अंशांवर सर्वांत जास्त असते, पण तिथे अनेक पेशी मिळून एकच निरोप पाठवतात. त्यामुळे तेज कळतं, बारकावा हरवतो. अरुंधतीच्या बाबतीत तेवढं लांब गेलात तर ती वसिष्ठात मिसळून जाईल. हात लांब करून तीन बोटं धरा. तितकं, म्हणजे पाचेक अंश, बाजूला बघितलं की जमतं.

शहराचं आकाशच उजळ असल्यामुळे डोळा गच्चीवर पूर्ण सरावत नाही हे कबूल. आकाशगंगा बघायची तर पेंच व्याघ्र प्रकल्पासारख्या ठिकाणी जायला हवं. ते जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीच्या आकाशाचा अंधार जपणारं क्षेत्र) ठरलं. पण थेट डोळ्यात घुसणारा दिवा अडवणं आपल्या हातात आहे. तो उजेड डोळ्यातल्या भिंगातच विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर दुधी पडदा चढवतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर जास्तच.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी दोघं जेवायला आली, तेव्हा त्यांना गच्चीवर नेलं. टाकीच्या आडोशाला सतरंजी, भाचीच्या डोक्यावरून ओढणी. पंचवीस मिनिटं झाली. वसिष्ठाच्या जरा बाजूला बघ म्हटल्यावर ती ओरडली, "मामा, आहे! खरंच आहे!" जावयाला अजून दिसेना. त्याने ॲपवर नेमकी जागा बघायला म्हणून फोन उघडला आणि पडद्याचा पांढरा उजेड आम्हा तिघांच्या डोळ्यांत गेला.

मग पुन्हा पंचवीस मिनिटं.