बटण दाबायचं, पण घडून गेल्यावर

अतिवेगवान कॅमेरा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सेकंदाला किती चित्रं? प्रयोगशाळेतली डोकेदुखी मात्र वेगळीच असते. पुरेसा उजेड आणायचा कुठून आणि बटण दाबायचं कधी?

सेकंदाला १०,००० चित्रं घ्यायची तर एकेका चित्राच्या वाट्याला फार तर सेकंदाचा दहा हजारावा भाग येतो. तेवढ्यात भागेल इतका उजेड हवा म्हणून झगझगीत दिवे लावले, तर समोरचा कीटक भाजून निघतो. शिवाय विजेवरचे बरेच साधे दिवे सेकंदाला १०० ते १२० वेळा मंद-प्रखर होतात. एरवी ते कळतही नाही, पण चित्रफीत सावकाश चालवली की सगळं दृश्यच लुकलुकू लागतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी कॅमेऱ्याला घाई करायला लावलीच नाही. अंधाऱ्या खोलीत शटर उघडं ठेवायचं आणि प्रकाशच सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता पाडायचा! सेकंदाला ८०० मीटर जाणारी गोळी एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागात, एक मिलिमीटरही सरकत नाही, त्यामुळे ती चित्रात थिजून उभी राहते. फ्लॅश पेटवायचं काम बंदुकीचा आवाज करतो, मायक्रोफोनमार्फत. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजच्या कॅमेऱ्यांची शटरंही धावत्या घोड्यानेच दोरे ओढून उघडली होती.

पण घटना अशी वर्दी देऊन येत नसेल तर? आजचे कॅमेरे यावर फार हुशारीने तोड काढतात (मला तर वेगापेक्षा हीच करामत जास्त आवडते). ते सतत चित्रण करत राहतात आणि मेमरी भरली की सर्वांत जुन्या चित्रांवर नवी लिहितात. हवं ते घडून गेलं की बटण दाबायचं. मागचे काही सेकंद शाबूत असतात. काहीच सेकंद, कारण दहा लाख पिक्सेलची १०,००० चित्रं, पिक्सेलमागे एक बाइट धरला तरी, सेकंदाला १० जीबी जागा खातात.

पिस्तूल कोळंबीचं कोडं अशाच चित्रणाने सुटलं. बोटाएवढा हा जीव नांगी मिटतो तेव्हा 'फट्' असा आवाज येतो, भक्ष्य गारद होतं. नांगीचे दोन भाग आपटून तो होतो असंच वाटे. २००० साली डेटलेफ लोसे आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला सुमारे ४०,००० चित्रं घेतली आणि पाण्यातल्या मायक्रोफोनची नोंद त्यांच्याशी जुळवली. नांगी मिटताना पाण्याची चिळकांडी उडते, दाब घसरून बुडबुडा तयार होतो. नांगी मिटते तेव्हा नोंदीत फारसं काही नाही, बुडबुडा कोसळतो त्या क्षणी मात्र मोठा ठोका.

पुढच्याच वर्षी कळलं की कोसळताना बुडबुडा क्षीण प्रकाशही टाकतो, जेमतेम १० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश भाग). त्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमधलं अंतर याच्या अडीच हजार पट. त्यामुळे ही चमक पकडायला चित्र न काढणारा, नुसता प्रकाश मोजणारा सेन्सर वापरावा लागला.