जॅग्वारच्या हाडांत मका

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या कोपान या नगरीत, आजच्या होंडुरासमध्ये, एक चौकोनी दगडी वेदी आहे. तिथल्या सोळाव्या राजाने, याश पासाहने, ती इ.स. 776 मध्ये बसवली. चारही बाजूंना चार-चार राजे कोरलेले आहेत, म्हणजे मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंतची अख्खी वंशावळ. वेदीजवळच्या खड्ड्यात जॅग्वारसारख्या मोठ्या मार्जारांची हाडे सापडली. 15 पूर्वजांसाठी 15 जॅग्वार बळी दिले असावेत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

पण जॅग्वार हा एकटा फिरणारा आणि माणसाला सहसा न दिसणारा प्राणी. विधीच्या वेळी इतके जॅग्वार आणायचे कुठून?

याचा माग हाडांतल्या कार्बनने दिला. जंगलातली झाडेझुडपे आणि मका हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने शोषतात. मक्यात कार्बन-13 हे कार्बनचे जड रूप (समस्थानिक) तुलनेने जास्त उतरते, आणि खाणाऱ्याच्या हाडांत त्याची खूण राहते. झाडपाल्यावर वाढलेली हरणे मारणाऱ्या जॅग्वारच्या हाडांत ते कमीच असायला हवे. कोपानमधल्या विधींच्या जागी सापडलेल्या काही मार्जारांत मात्र ते भरपूर निघाले. जॅग्वार कणसे खात नाही. त्याला मक्यावर पोसलेल्या जनावरांचे मांस घातले जात होते, आणि तेही दीर्घकाळ, कारण हाडांची घडण एका-दोन जेवणांनी बदलत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. राजाच्या वैभवामागे रोज पिंजऱ्यापाशी मांस नेणारी माणसे होती, हे त्यातून कळते. शिलालेखांत त्यांना जागा नाही.

ग्वाटेमालातल्या सेइबाल या माया नगरीत तर प्राणी दुरून आणल्याचे, याच्या हजारभर वर्षे आधीचे पुरावे आहेत. तिथल्या काही कुत्र्यांच्या अवशेषांतले स्ट्रॉन्शियम, म्हणजे जमिनीतून अन्न-पाण्यावाटे शरीरात उतरणारे मूलद्रव्य, आसपासच्या चुनखडीच्या जमिनीशी जुळत नाही, ते दूरच्या ज्वालामुखी डोंगराळ भागाशी जुळते. म्हणजे ही कुत्री तिकडून आणलेली होती.

मायांकडे गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या नव्हत्या. मांसासाठी मुख्य भिस्त पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीवर होती. कुत्री आणि टर्की मात्र पाळत, खातही. ग्वाटेमालातल्याच जंगलातल्या एल मिरादोर या माया नगरीत सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची टर्कीची हाडे मध्य मेक्सिकोतल्या जातीची आहेत, आणि ती जात त्या जंगलात रानात नव्हतीच.

जे ताटात, तेच देवापुढेही ठेवले जाई. ड्रेस्डेनमध्ये जपलेल्या माया हस्तलिखितात नववर्षाच्या विधींची चित्रे आहेत. त्यांत डोके उडवलेली टर्की आहे, आणि नैवेद्यात हरणाची तंगडीही.